ठेंगण्या चेरी टोमॅटोच्या कुंडीत या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी टायनी टिम या ठेंगण्या चेरी टोमॅटोच्या रोपाची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, नेमाने खुडत होते. टोमॅटोची बगलफूट काढायची असते, हे लहानपणापासून मळ्यात बघितलेलं. जानेवारीत कोपऱ्यातल्या, दुर्लक्ष झालेल्या कुंडीतलं रोप फळांनी वाकलं आणि जिवापाड जपलेल्या रोपावर जेमतेम दोन घोस लागले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

तारेवर चढवायचा टोमॅटो शेंड्याकडून वाढतच राहतो, म्हणून त्याची बगलफूट काढतात. ठेंगण्या जातीचा शेंडा मात्र फुलोऱ्यावर येऊन थांबतो. पुढची फळं धरतात ती बगलेतून फुटलेल्या फांद्यांवरच. ती खुडली की पीकच खुडलं. या झाडाची फक्त मातीला टेकलेली खालची पानं काढा. पाणी घालताना उडालेल्या मातीतून करपा रोगाचे गोल वलयांचे डाग आधी तिथेच येतात.

त्याआधीची चूक बियाण्याच्या दुकानात होते. पाकिटावर नुसतं ‘चेरी टोमॅटो’ लिहिलेलं बी बहुतेक वेळा उंच वाढणाऱ्या जातीचं निघतं आणि गॅलरीत पाच-सहा फुटांचा वेल सांभाळत बसावं लागतं. फळ बारीक म्हणजे झाडही बुटकं, असं नसतं. झाडाची उंची लिहिली आहे का, ते बघून घ्या. टायनी टिम ही न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची 1945 ची जात, फूट-दीड फुटात आटोपते. फ्लोरिडा विद्यापीठाची 1989 ची मायक्रो टॉम तर वीतभरच. मायक्रो टॉमला सहा इंची कुंडी पुरते, टायनी टिमला दहा इंची द्या. एका कुंडीत एकच रोप. दुसरं उपटायला जीव होत नाही हे खरं, पण दाटीत दोन्ही रोपं खुरटतात.

आता फुलगळ. सगळ्यात जास्त मंडळी इथेच अडतात. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: बी कधी टाकलं? फेब्रुवारीत टाकलं असेल तर फुलं येतात एप्रिलच्या उन्हात. दिवसा पारा 35 अंशांच्या वर गेला की पराग निकामी होतो आणि रात्रही उकाड्याची असेल तर फूल देठासकट पिवळं पडून गळतं. त्यावर कुठलंही खत चालत नाही. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकावं म्हणजे फुलं थंडीत येतात. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन चांगलं आतपर्यंत येतं. सहा तास तरी थेट ऊन हवंच.

थंडीतही फुलं गळत असतील तर पराग पसरवणारा वारा आणि माशा कमी पडत आहेत. उंच मजल्यावर, जाळी लावलेल्या गॅलरीत हे हमखास होतं. सकाळी दहा-अकराच्या सुमारास घोसाच्या देठावर नखाने दोन-तीन हलक्या टिचक्या मारा. खाली काळा कागद धरलात तर परागाची पिवळी भुकटी पडलेली दिसेल. रोज एकदा, एवढंच पुरे.

झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी आणि फूल एकही नाही? मग नत्र जास्त झालंय. कुंडी भरताना घातलेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत बराच काळ पुरतं. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मात्र भरू नका, त्यात खाऊ नसतो.

फळं तडकतात ती पाण्याच्या हेळसांडीने. दोन दिवस माती कोरडी आणि मग एकदम बादलीभर पाणी, की पिकत आलेल्या फळाची साल उलते. बुडाला काळा डाग पडला तरी मूळ बहुधा तेच. मातीत चुना (कॅल्शियम) असूनही पाण्यावाचून तो फळापर्यंत पोचत नाही. चुन्यासाठी घातलेली अंड्याची टरफलं कुजायला महिने लागतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या.

पानं वळली म्हणून लगेच घाबरू नका. दुपारच्या उन्हात खालची पानं वर गुंडाळली जातात, तब्येत मात्र ठीक असते. पण शेंड्याची नवी पानं बारीक, पिवळट आणि चुरगळलेली येऊ लागली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. ते रोप त्याच दिवशी उपटून, पिशवीत बांधून फेकून द्या. बाकीच्या कुंड्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा आणि पानांच्या खालच्या बाजूला संध्याकाळी निंबोळी तेल फवारा.

शेवटी एक. या जातींची बरीचशी फळं महिना-दीड महिन्यात एकदम येऊन जातात आणि मग झाड पिवळं पडतं. अनेक जण तिथे आपलंच काही चुकलं समजून खतामागून खत घालत राहतात. झाडाचं आयुष्यच तेवढं. पहिल्या कुंडीत कळ्या दिसल्या की दुसऱ्या कुंडीत बी टाका.