कोल्हापुरात कलेची पदवी घेताय? या चुका टाळा

चित्र चांगलं येतं, गळा गोड आहे, गॅदरिंगच्या नाटकात बक्षीस मिळालंय, एवढ्या भांडवलावर दरवर्षी कितीतरी मुलं कलेच्या पदवीला प्रवेश घेतात. पहिलं सत्र उत्साहात जातं, दुसऱ्यात गाडी अडायला लागते. मला याचं एकच मोठं कारण दिसतं. प्रात्यक्षिक म्हणजे आपली आवड आणि लेखी पेपर म्हणजे विद्यापीठाची कटकट, अशी वाटणी मुलं मनात करून टाकतात. खाली ज्या चुका सांगतोय, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथंच आहे.

आधी प्रवेशाचं पटकन बोलू. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही विद्यापीठाची चार वर्षांची पदवी आणि जीडी आर्ट ही शासकीय कला पदविका. दोन्हीकडून उत्तम चित्रकार निघालेत, पण पुढे एमएफए ही पदव्युत्तर पदवी, नेट ही पात्रता परीक्षा, प्राध्यापकी असं डोक्यात असेल तर हा फरक प्रवेशाआधीच समजून घ्या. बीएफएसाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा (सीईटी) असते, तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट बघत राहिलात तर हुकतो. संगीतवाल्यांनी विशारद या संगीत परीक्षेचं प्रमाणपत्र म्हणजे आपोआप पदवी झाली, असं गृहीत धरू नये. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथं स्वतः जाऊन त्या वर्षीची पात्रतेची अट वाचा. मित्राच्या सांगण्यावर वर्ष पणाला लावू नका.

स्मरणचित्रातली माणसं लाकडी दिसतात

सीईटीत वस्तुचित्र (समोरच्या वस्तू बघून) आणि संकल्पचित्राबरोबर (नक्षी, रचना) स्मरणचित्र, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र असतं, आणि सगळ्यात जास्त घसरगुंडी तिथंच होते. बाजार, बसथांबा, जत्रा असे विषय येतात. मुलं पाठ केलेली चार माणसं कागदावर उभी करतात, सगळी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, शाळेच्या कवायतीत उभी असल्यासारखी.

खरा माणूस असा उभा राहत नाही. तो एका पायावर रेलतो. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा थोडा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेघ सोडली तर ती भार असलेल्या पायाच्या घोट्यापाशी येऊन टेकते. ती तिथं येत नसेल तर चित्रातला माणूस पडतोय असं वाटतं, मग शेडिंग कितीही घासा. मानवाकृतीच्या अभ्यासात हे शिकवतात, पण ते वहीतच राहतं.

उपाय साधा आहे. खिशात मावेल एवढी वही घेऊन मध्यवर्ती बसस्थानकावर किंवा कपिलतीर्थ मार्केटात जा. भाजीची पिशवी धरलेली बाई, एसटीची वाट बघणारा म्हातारा, एकेकाला दोन मिनिटं द्या. चेहरा, बोटं काही नको. फक्त भार कुठे आहे ते पकडा. फोटोवरून हा सराव होत नाही, कारण फोटोतला माणूस हलत नाही आणि तुम्हाला घाई करावी लागत नाही.

तोंडी परीक्षेत आरोह-अवरोहापुढे गाडी जात नाही

भूप आणि देशकार, दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मग फरक काय, असं परीक्षकांनी विचारलं की भली भली मुलं गप्प होतात. भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, गंधार (ग), चाल पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, वेळ रात्रीची. देशकाराचा वादी धैवत (ध), सगळा जोर उत्तरांगात म्हणजे वरच्या अर्ध्यात, वेळ सकाळची, आणि रिषभ (रे) दुबळा. हे घोकून फायदा नाही. दोन्ही राग एकापाठोपाठ गा, भूपात गंधारावर थांबा, देशकारात धैवतावर. फरक गळ्याला कळला की तोंडाला सांगता येतो.

स्वरलिपीचं, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याचंही तेच. बंदिश उत्तम गाणाऱ्याला भातखंडे पद्धतीत ती लिहिता येत नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली टिंब, तारला (वरच्या सप्तकाला) वर टिंब, तालाच्या पहिल्या मात्रेला म्हणजे समेला गुणिलेची खूण, टाळी नसलेल्या मात्रेला म्हणजे ‘खाली’ला शून्य. रोज स्वतः गायलेल्या चार ओळी लिहून काढा, परीक्षेच्या आदल्या रात्री रडावं लागणार नाही.

इथली एक खास चूक. अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव इथं आदरानं घेतलं जातं, आणि ते घराणं अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांसाठी प्रसिद्ध. म्हणून दुसऱ्या वर्षातली मुलं यमन पक्का होण्याआधीच अनवट रागांच्या मागे लागतात. गुरूंनी दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. तानपुराही मोबाईलच्या स्पीकरवर भागवू नका, तो स्वतः जुळवायला शिका. मालकंस रागात पंचम (प) नसतो, म्हणून पहिली तार मध्यमात (म) लावायची, हे हातानं एकदा केलं की कायमचं बसतं.

नाटकवाल्यांनो, माईक खाली ठेवा

नाट्यशास्त्र म्हणजे फक्त अभिनय समजणारी मुलं प्रकाशयोजना आणि नेपथ्याच्या तासाला दांडी मारतात. मग दिग्दर्शनाच्या प्रात्यक्षिकात पात्र अंधारात उभं राहतं. राज्य नाट्य स्पर्धेला कुठल्याही हौशी संघाबरोबर एकदा पडद्यामागे राबा, दिवे टांगा, सेट उचला. आवाजाचीही तीच गत, माईकशिवाय तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा गाव हळहळलं. ज्या गायक-नट केशवरावांचं नाव त्या वास्तूला आहे, त्यांची पिढी माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत गात होती. सकाळी मोकळ्या मैदानात, मित्राला लांब उभं करून उतारा वाचा. शब्दाचं शेवटचं अक्षर त्याला ऐकू येतंय का, ते विचारा.

पावसाळा आणि कागदपत्रं

आपल्याकडचा पाऊस जलरंगाच्या कागदाला खातो. ओलसर भिंतीला टेकवलेला गठ्ठा बुरशी धरतो, असा कागद रंग धरत नाही आणि मुलं स्वतःच्या हाताला दोष देत बसतात. कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंचावर ठेवा. कोळशाच्या चित्रांवर ती पुसू नयेत म्हणून फिक्सेटिव्हचा फवारा मारा, आणि प्रत्येक चित्राचा दिवसाच्या उजेडात सरळ समोरून फोटो काढून ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात गहाळ झालेलं चित्र परत काढायला वेळ नसतो.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर वेळेत काढा, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची फी सवलत त्यावाचून अडते. आणि केंद्र सरकारची सीसीआरटी या सांस्कृतिक संस्थेमार्फत मिळणारी तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती बहुतेकांना माहीतच नसते. वय 18 ते 25, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. गुरूंकडे किंवा संस्थेत किमान 5 वर्षं तालीम झालेली असावी लागते, म्हणून कोणत्या सालापासून शिकताय याचं पत्र गुरूंकडून आत्ताच मागून घ्या.