गाठीचं मॉडेल करायला बसण्याआधी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ट्यूमर (गाठ) आणि इम्युनिटी यांचं गणिती मॉडेल घेतलंय ना? मग लॅपटॉप नंतर उघडा. आधी ज्यांचा डेटा वापरणार, त्या लॅबमध्ये जाऊन या. पुण्यात पाषाणला असो की गणेशखिंडीला, वेळ ठरवून जा. प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाउसात बाहेरच्यांना सहसा सोडत नाहीत, पण मोजणाऱ्या पोराशी अर्धा तास बोलता येतंच. उंदराच्या कातडीखालची गाठ कॅलिपरने मोजतात, आणि लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन हे आकारमान धरतात. १० बाय ८ मिलिमीटरची गाठ म्हणजे ३२० घन मिलिमीटर. रुंदी ८ऐवजी ९ वाचली, की तीच गाठ ४०५ होते. तुमच्या सुबक आलेखाखाली एवढी हलती जमीन आहे, हे डोक्यात ठेवूनच पुढचं करा.

तिथेच विचारा, उंदीर कधी काढून घेतात? गाठ ठरावीक आकारापलीकडे गेली की नैतिक नियमांनुसार प्राण्याला ठेवत नाहीत. त्यामुळे वाढ थांबून सपाट झालेला भाग डेटात बहुधा नसतोच, आणि गाठ जास्तीत जास्त किती वाढेल, त्या कमाल मर्यादेचा आकडा हवेतून काढावा लागतो. शिवाय मोठ्या गाठींचे उंदीर गेले की उरलेल्यांची सरासरी खाली येते आणि टी-पेशी (गाठीतल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) जिंकल्यासारखं दिसतं. म्हणून सरासरी नको, प्रत्येक उंदराची वेगळी ओळ असलेली फाइल मागा.

वाढीचा नियम निवडताना व्हेरहुल्स्टचा लॉजिस्टिक (१८३८) आणि गॉम्पर्ट्झचा (१८२५) दोन्ही हाताशी ठेवा; दोन्हींत वाढ मंदावत जाऊन कमाल मर्यादेला थांबते. गॉम्पर्ट्झ विम्याच्या हिशेबातला माणूस, त्याचं सूत्र मृत्युदरासाठी होतं. गाठींना ते छान बसतं, पण त्यात एक खोच आहे. गाठ शून्याकडे गेली की प्रत्येक पेशीचा वाढीचा वेग अमर्याद होतो, म्हणजे या मॉडेलात टी-पेशी गाठ कधीच पुरती संपवू शकत नाहीत. हा निष्कर्ष तुमच्या सूत्राचा आहे, शरीराचा नाही. व्हायव्हाला नेमकं हेच विचारतात.

कुझ्नेत्सोव्ह आणि सहकाऱ्यांचं गाठ व टी-पेशींच्या झुंजीचं १९९४चं मॉडेल अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या आलेखवहीत हाताने मांडा, प्रत्येक पदाशेजारी एकक लिहून. त्यात टी-पेशींची आवक रोज १३,००० आणि मृत्युदर दिवसाला ०.०४१२, भागाकार केला की गाठ नसताना सुमारे ३ लाख १५ हजार पेशी. गाठीचा वेग दिवसाला ०.१८, म्हणजे चार दिवसांच्या आत दुप्पट. आता गंमत बघा: या आकड्यांवर ‘गाठ नाही’ ही अवस्था टिकाऊ निघत नाही (थोड्या गाठीच्या पेशी आल्या की मोडते), टिकते ती दबून राहिलेली गाठ किंवा मोठी गाठ. आकडे उंदरातल्या लिम्फोमाचे (लसीका पेशींच्या कर्करोगाचे) आहेत, माणसाला जसेच्या तसे चिकटवू नका.

त्या मॉडेलात आठ स्थिरांक, तुमच्याकडे प्रत्येक उंदराची सहा-सात मोजमापं. आठही एकदम फिट केलेत तर रेघ सुरेख बसेल आणि आकड्यांना अर्थ नसेल. एखाद-दोनच मोकळे ठेवा, बाकीचे कुठून घेतले ते लिहा.

कोडचं काम थोडं. पेशींच्या संख्या लाखांपासून कोटींपर्यंत पसरतात, म्हणून आधी योग्य मापाने भागून घ्या. सायपायमध्ये (पायथनच्या गणिताच्या लायब्ररीत) समीकरणं सोडवणारी आरके४५ ही पद्धत रेंगाळली तर एलएसओडीए ही दुसरी वापरा. पेशी ऋण दिसल्या तर जीवशास्त्राला दोष देण्याआधी टॉलरन्स (चालवून घेतलेली चूक) कमी करून परत चालवा.