मुख्य पट्ट्यातील लघुग्रहाची नोंद कशी वाचावी

लघुग्रहाची कोणतीही नोंद उघडली की शोधाची तारीख, शोधकाचे नाव, कक्षेचे आकडे, व्यास, परिवलनकाल (स्वतःभोवती एक फेरी घेण्याचा काळ) आणि वर्ग हे सारे एका रांगेत मांडलेले दिसते. त्यामुळे सगळे आकडे सारख्याच भरवशाचे आहेत असा समज होतो, पण वस्तुस्थिती तशी नसते. काही आकडे प्रत्यक्ष मोजलेले असतात, काही त्यांवरून गणिताने काढलेले असतात आणि काहींच्या मुळाशी एखादे गृहीतक असते. म्हणून नोंद वाचताना प्रत्येक आकड्यापाशी थांबून तो कशावरून आला हे विचारावे. येथे उदाहरणासाठी २५३ मॅथिल्ड हा लघुग्रह घेतला आहे, कारण त्याचे दुर्बिणीतून बांधलेले अंदाज पुढे अंतराळयानाने जवळून तपासले.

सुरुवात शोधापासून करावी. मॅथिल्डचा शोध योहान पालिसा यांनी १२ नोव्हेंबर १८८५ रोजी व्हिएन्ना येथून लावला. तो काळ डोळ्याने पाहून शोध लावण्याचा होता. निरीक्षक ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहत आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की तो पुढच्या रात्री सरकतो का याची वाट पाहत. या चिकाटीच्या बळावर पालिसा यांनी एकूण १२२ लघुग्रह शोधले. छायाचित्राच्या साहाय्याने लागलेला पहिला शोध माक्स वोल्फ यांचा, १८९१ सालचा, ३२३ ब्रुशिया या लघुग्रहाचा. आजही तत्त्व तेच आहे. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार चित्रे घेतात आणि तारे स्थिर असताना कोणता ठिपका सरकतो ते पाहतात. प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वीवरून पाहता लघुग्रह सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो त्या काळाच्या, सुमारास मुख्य पट्ट्यातील, म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील, लघुग्रह तासाला साधारण अर्धा चापमिनिट (चापमिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) सरकतो, त्यामुळे नुसत्या वेगावरूनही तो पट्ट्यातला असावा असा प्राथमिक तर्क करता येतो.

नव्या लघुग्रहाला आधी तात्पुरते नाव मिळते आणि ते वाचता आले तर शोधाचा पंधरवडा लगेच कळतो. समजा नाव ‘२०१० सीडी५’ असे आहे. पहिले अक्षर पंधरवडा सांगते: ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे जानेवारीचा उरलेला भाग, म्हणून सी म्हणजे १ ते १५ फेब्रुवारी. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातील क्रम दाखवते. आय हे अक्षर वगळल्यामुळे एका फेरीत २५ नावे होतात आणि शेवटचा अंक पूर्ण झालेल्या फेऱ्या सांगतो. म्हणजे पाच फेऱ्यांचे १२५ आणि डी चा चौथा क्रमांक मिळून हा त्या पंधरवड्यातील १२९ वा शोध ठरतो. कायमचा क्रमांक मात्र कक्षा पक्की झाल्यावरच मिळतो आणि त्यासाठी बहुधा अनेक प्रतियुतींची निरीक्षणे लागतात.

कक्षेचे आकडे हा नोंदीतील सर्वांत भक्कम भाग असतो. मॅथिल्डचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे २.६५ खगोलीय एकके आहे (पृथ्वी आणि सूर्य यांतील सरासरी अंतर म्हणजे एक एकक). केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार या संख्येचा घन करून वर्गमूळ काढले की प्रदक्षिणेचा काळ सुमारे ४.३ वर्षे मिळतो, आणि हा पडताळा प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. सरासरी अंतर २.५ किंवा २.८२ च्या अगदी जवळ येत असेल तर आकडा पुन्हा तपासावा, कारण तेथे गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने रिकाम्या झालेल्या कर्कवुड फटी आहेत.

खरी सावधगिरी व्यासापाशी बाळगावी लागते. दुर्बिणीत लघुग्रह बहुतेक वेळा नुसता ठिपका दिसतो. मोजता येते ती त्याची तेजस्विता, आणि तिच्यावरून निरपेक्ष प्रत, म्हणजे एच, काढतात (लघुग्रह ठरावीक अंतरावर असता तर किती तेजस्वी दिसला असता हे सांगणारा आकडा). मात्र मोठा काळसर गोळा आणि लहान उजळ गोळा दुरून सारखेच तेजस्वी दिसू शकतात, म्हणून पृष्ठभाग किती टक्के प्रकाश परत फेकतो हे, म्हणजेच परावर्तनांक, कळल्याशिवाय व्यास निघत नाही. सूत्र सोपे आहे: १३२९ ला परावर्तनांकाच्या वर्गमूळाने भागावे आणि आलेल्या संख्येला १० च्या (एच ÷ ५) व्या घाताने भागावे, म्हणजे व्यास किलोमीटरमध्ये मिळतो. मॅथिल्डची एच सुमारे १०.३ आणि परावर्तनांक सुमारे ०.०४४ आहे. ०.०४४ चे वर्गमूळ ०.२१, म्हणून पहिला भागाकार सुमारे ६,३३०. त्याला १० च्या २.०६ व्या घाताने, म्हणजे ११५ ने, भागले की ५५ किलोमीटर येतात. आता तीच एच ठेवून परावर्तनांक ०.२५ धरला, तर व्यास २३ किलोमीटरच भरतो आणि घनफळात तेरा-चौदा पटींचा फरक पडतो. म्हणून परावर्तनांक मोजलेला आहे की वर्गावरून गृहीत धरलेला, हे आधी पाहावे. तो मोजण्याचा चांगला मार्ग अवरक्त किरणांचा आहे, कारण काळा पृष्ठभाग जास्त तापतो आणि ती उष्णता बाहेर टाकतो. १९८३ मधील आयरास आणि नंतरची वाइज या अवकाश दुर्बिणींनी असंख्य व्यास याच मार्गाने दिले. ताऱ्याच्या पिधानाच्या वेळी, म्हणजे लघुग्रह ताऱ्यासमोरून जाऊन त्याला झाकतो तेव्हा, निरनिराळ्या ठिकाणांहून मोजलेला व्यास याहूनही विश्वासार्ह असतो.

परिवलनकाल तेजस्वितेच्या चढउतारावरून काढतात. लांबट दगड एका फेरीत दोनदा उजळतो आणि दोनदा मंदावतो, हे विसरले तर काळ निम्माच धरला जातो. बहुतेक लघुग्रहांची फेरी काही तासांची असते, पण मॅथिल्डला ४१७.७ तास, म्हणजे सतरा दिवसांहून अधिक लागतात. एवढ्या संथ फेरीसाठी दोन-चार रात्रींची निरीक्षणे मुळीच पुरत नाहीत, म्हणून फार मोठा काळ दिसला की निरीक्षणे किती आठवडे चालली होती ते अवश्य पाहावे. वर्णपटावरून ठरणाऱ्या वर्गाबद्दल एवढे पुरे की सी वर्ग काळसर व कार्बनयुक्त, तर एस वर्ग सिलिकेटी व अधिक उजळ असतो. मॅथिल्ड सी वर्गातला आहे.

शेवटी घनता पाहावी. ती क्वचितच उपलब्ध असते, कारण तिच्यासाठी वस्तुमान लागते आणि ते कळायला बहुधा लघुग्रहाभोवती फिरणारा एखादा उपग्रह किंवा जवळून जाणारे यान हवे. २७ जून १९९७ रोजी निअर शूमेकर यान मॅथिल्डपासून सुमारे १,२०० किलोमीटरवरून गेले. यानाच्या मार्गात पडलेला सूक्ष्म फरक रेडिओ संदेशांतून मोजून वस्तुमान काढले गेले आणि चित्रांवरून सरासरी व्यास सुमारे ५३ किलोमीटर ठरला. यावरून घनता दर घन सेंटीमीटरला अवघी १.३ ग्रॅम निघाली. व्यासातील चूक घनफळात तिप्पट होते, आणि यानाला पृष्ठभागाचा सुमारे ६० टक्केच भाग दिसला होता, म्हणून या आकड्यासोबत ०.२ ची अनिश्चितता दिली जाते आणि ती वगळून तो कधीच उद्धृत करू नये. एवढी सूट देऊनही ही घनता कार्बनयुक्त उल्कापाषाणांच्या मानाने खूप कमी आहे, म्हणजे मॅथिल्डच्या आतील जवळपास निम्मी जागा पोकळ असली पाहिजे. कोळशासारख्या काळ्या या लघुग्रहावरील विवरांना जगातील कोळसा खोऱ्यांची नावे दिली आहेत. कारू हे त्यांतील सर्वांत मोठे, ३३ किलोमीटरचे, आणि दामोदर हेही त्यांपैकीच एक. दिसलेल्या बाजूवर २० किलोमीटरहून मोठी अशी किमान पाच विवरे आहेत. इतके मोठे आघात सोसूनही मॅथिल्ड फुटला नाही, याचे स्पष्टीकरण त्या पोकळीतच मिळते: आघाताची लाट भरीव खडकातून पुढे सरकते, तर सच्छिद्र खडकात आतल्या आत जिरून जाते.