चालू रुग्णालयाच्या आवारातली उंच इमारत पाडताना

स्फोटकं नकोतच, वरून खाली, मजला-मजला उतरायचं. आधी ऑक्सिजन, वीज, पाण्याच्या लाइनी शोधा. जुन्या नकाशावर विसंबू नका, खोदून डोळ्यांनी बघा. शेजारच्या वॉर्डची लाइन कित्येकदा याच तळघरातून जाते. ती आधी वळवा.

सगळ्यात मोठी भीती धुळीची. तिच्यातल्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे, पण केमोथेरपीवरच्या रुग्णाच्या जिवावर बेततात. म्हणून पाण्याचा फवारा ब्रेकरच्या (काँक्रीट फोडणाऱ्या यंत्राच्या) टोकावरच धरा, मलबा पडल्यावर नव्हे. समोरच्या वॉर्डच्या खिडक्या टेपने सीलबंद करा, आत येणारी हवा हेपा फिल्टरमधूनच (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून) घ्या.

पाडकामाचं छोटं मशीन स्लॅबवर चढवण्याआधी इंजिनिअरच्या हिशोबाने खालच्या मजल्यांना टेकू द्या. मलबा रोज उतरवा: १ घनमीटर काँक्रीटचा राडारोडा साधारण दीड टन भरतो, त्यानेच स्लॅब बसतो.