बंदीनंतरच्या पीसीबीचा हिशेब: ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम शिकणाऱ्यांसाठी

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून आलेल्या मुलांना पहिले काही दिवस एकच शंका छळते. ज्या रसायनावर बंदी आहे, त्याचं उत्सर्जन कसलं मोजायचं? शंका रास्त आहे. पण बंदी लागते ती बनवण्यावर आणि विकण्यावर. आधीच यंत्राच्या पोटात भरलेला माल कागद निघाला म्हणून नाहीसा होत नाही.

पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, हे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरलं जाणारं, सहज न पेटणारं रसायन 1929 पासून कारखान्यांत बनू लागलं. अमेरिकेने 1979 मध्ये त्यावर बंदी घातली. नॉर्वेचे क्नुट ब्राइविक आणि सहकाऱ्यांच्या हिशेबाने जगात एकूण सुमारे 13 लाख टन तयार झालं. आपल्याकडे 2016 च्या आदेशाने उत्पादन आणि आयात थांबली, आणि वापर पूर्ण बंद करायला 31 डिसेंबर 2025 ही मुदत दिली गेली. आता नवी मुंबईतला ठाणे-बेलापूर रस्ता आठवा. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे. हा कारखान्यांचा पट्टा 1960 च्या दशकापासून वसत गेला, म्हणजे जुन्यातली जुनी सबस्टेशनं नेमकी पीसीबीच्या भरभराटीच्या काळातली.

पद्धत सांगायला सोपी आहे. माल किती आला, त्यातला किती अजून शिल्लक आहे, आणि शिल्लक मालातून दरवर्षी किती टक्के बाहेर पडतो. तिसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात आणि तो शोधनिबंधांत मिळतो. नवखी मुलं त्याच्यामागेच धावतात. माझ्या मते खरी मेहनत दुसऱ्या आकड्यात आहे, आणि तो लॅपटॉपवर सापडत नाही.

तो सापडतो नेमप्लेटवर. धूळ पुसा, गरज पडली तर टॉर्च मारा आणि कूलिंगचा प्रकार वाचा. साध्या खनिज तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवर ओएनएएन लिहिलेलं असतं. जुन्या प्लेटवर एलएनएएन दिसलं तर थांबा. तो एल न पेटणाऱ्या कृत्रिम द्रवासाठी असायचा, म्हणजे बहुतेक वेळा ॲस्करेल, पीसीबीपासून बनवलेला द्रव. ॲस्करेल पाण्यापेक्षा जड, घनता दीडच्या आसपास. खनिज तेल मात्र पाण्यावर तरंगतं. पण तरंगलं म्हणजे सुटलो, असं नाही. तेल गाळायचं फिल्टर मशीन एका कारखान्यातून दुसऱ्यात फिरतं आणि ॲस्करेलचा अंश शेजारच्या चांगल्या तेलात उतरतो. तो घनतेने कळत नाही, नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीला, पाठवावाच लागतो. म्हणून वायरमन काकांना विचारायचा प्रश्न "तेल कधी बदललं?" एवढाच नसावा. "फिल्टरवाला आधी कुठून आला होता?" हेही विचारा. निवृत्त माणसं हे आनंदाने सांगतात, चहा मात्र त्यांच्याकडचाच प्यावा लागतो.

इथे थोडं गणित करा. हजार लिटर खनिज तेलात 50 पीपीएम (वजनाच्या दहा लाख भागांत 50 भाग) पीसीबी असेल, तर शुद्ध पीसीबी भरतं साधारण 43 ग्रॅम. तेवढ्याच आकाराच्या ॲस्करेल ट्रान्सफॉर्मरमध्ये 60 टक्के पीसीबी धरलं, तर 900 किलो. एक चुकलेला ॲस्करेल म्हणजे वीस हजारांहून जास्त दूषित ट्रान्सफॉर्मर चुकल्यासारखं. कायद्याला 50 पीपीएमची रेघ महत्त्वाची, तुमच्या बेरजेला नाही. वेळ कमी असेल तर आधी एल शोधा.

गुणांकाबद्दल एकच सांगतो. बरेचसे आकडे थंड देशांतले आहेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की पीसीबीचा बाष्पदाब अडीच-तीन पट होतो. युरोपातला गुणांक तसाच उचलून तुर्भ्याच्या पत्र्याच्या शेडला मे महिन्यात लावला, तर उत्तर कमीच येणार. बंद टाकीतून होणारी गळती आणि भंगारात फोडलेला कपॅसिटर यांनाही एकच गुणांक लावू नका. माझ्या अनुभवात जागचं यंत्र फारसा त्रास देत नाही. गेटपासवर बाहेर पडलं की हिशेब बिघडतो. त्यामुळे स्टोअरचं रजिस्टर मागा, भंगार कोणी उचललं ते पाहा आणि तेलाचं काय झालं ते विचारा. उत्तर बहुधा गोलमोल येतं. ते तसंच टिपून ठेवा आणि त्या मालाला वेगळा, मोठी अनिश्चितता असलेला रकाना द्या.

शेवटी साहेबांना एकच आकडा हवा असतो. देऊ नका. ब्राइविक यांच्या गटानेही उत्सर्जनाचे किमान, मधला आणि कमाल असे वेगवेगळे अंदाज दिले, आणि त्यांच्यात अंतर प्रचंड आहे. यंत्रांचं आयुर्मान, शिल्लक साठा आणि गुणांक या तिघांना किमान ते कमाल असा पल्ला द्या आणि मॉन्टे कार्लो चालवा, म्हणजे त्या पल्ल्यांतून आकडे यादृच्छिक उचलून तोच हिशेब हजारो वेळा करा. एक्सेलवर सुरुवात चालते, नंतर आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एक शिकून घ्या. मग हवेतले नमुने घेऊन पडताळा. पॉलियुरेथेन फोमची चकती काही आठवडे टांगून ठेवणारा पॅसिव्ह सॅम्पलर स्वस्त असतो आणि त्याला वीज लागत नाही. मोजलेली पातळी तुमच्या कमाल अंदाजालाही न पेलणारी निघाली, तर गुणांकाशी खेळत बसू नका. रजिस्टरात नसलेलं एखादं यंत्र किंवा भंगाराचं गोदाम राहून गेलंय का, ते आधी बघा.