फारसी हस्तलिखितांत काम करायचंय? आधी शेवटच्या पानावरची तारीख वाचायला शिका

फारसीचा कोर्स झालाय, मोडी येते, इतिहासात एमए आहे, आता हस्तलिखितांत काम कसं मिळेल असं विचारणारी मुलं भेटतात आणि मी आधी त्यांचा हिरमोड करते. पगारासाठी येणार असाल तर नका येऊ. कॅटलॉगिंगची कामं बहुतेक प्रोजेक्टवर असतात, प्रोजेक्ट संपला की टेबल-खुर्ची त्यांची आणि पिशवी तुमची. कायमच्या जागांना बहुतेक ठिकाणी लायब्ररी सायन्सची पदवी लागते, म्हणून ती नसेल तर करून टाका, हा माझा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा सल्ला. २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी, नोंदणी, जतन वगैरे, त्यामुळे कामं निघतील असं सगळेच म्हणतात, पण म्हणण्यावर घरभाडं निघत नाही.

एवढं ऐकूनही तुम्ही वाचताय, तर आता उलटं सांगते. मराठी माणसाने यात यायलाच हवं. मुघल बखरकार शिवाजी महाराजांना नुसतं 'सिवा' लिहितात ते ओळखता येतं, पण गावांची नावं, किल्ल्यांची नावं, देशमुखांची आडनावं नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, न देता लिहिलेली असतात आणि तिथे उत्तरेतला भलाभला विद्वान अडखळतो. चाकण, सुपे, जुन्नर, पारनेर डोक्यात असलेल्या माणसाला ते नाव एकदम सुटतं. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातून 'ऐतिहासिक फारसी साहित्या'चे खंड काढले, सेतुमाधवराव पगडींनी सरकारी नोकरी सांभाळून फारसी साधनं मराठीत आणली, ते काम अजून संपलेलं नाही, अर्धंही झालं नसेल.

संग्रह कुठे आहेत हे तुम्हाला साधारण माहीत असेलच. पाटण्याची खुदाबख्श लायब्ररी, रामपूरची रझा लायब्ररी, हैदराबादचं सालारजंग, राजस्थानातलं टोंक. पण मुंबईची मुलं पाटण्याला जायची स्वप्नं बघतात आणि फोर्टमध्ये काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं याचा मला राग येतो. मुंबई विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९३५ सालीच छापलीय, शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केलेली. आसफ फैझींनी दिलेला इस्माइली ग्रंथांचा संग्रह त्याच विद्यापीठात. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये पारशी विद्वान मुल्ला फिरोज यांची पुस्तकं आहेत, त्यांची सूची रेहात्सेक नावाच्या हंगेरियन माणसाने १८७३ मध्ये केली, तो मुंबईतच राहून शिकवायचा. आणि दख्खनवर काम करणार असाल तर हेही लक्षात ठेवा की विजापूरच्या आसार महालातली शेकडो पुस्तकं लंडनला गेलीत, त्यातल्या अरबी ग्रंथांची नोंद ऑटो लोथच्या १८७७ च्या सूचीत सापडते.

सूची वाचणं हेच अर्धं काम आहे हे कोणी सांगत नाही. तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या फारसी ग्रंथांची चार्ल्स रियूची सूची, १८७९ ते १८८३, तीन खंड, लंडनला कधीही जाणार नसलात तरी वाचा. लेखक कोण, ग्रंथ कधी लिहिला, सुरुवातीचं वाक्य काय, दुसऱ्या प्रती कुठे, हे सगळं त्यात असतं, आणि तुमच्या हातातली पहिली पानं फाटलेली प्रत ओळखायला असंच काहीतरी लागतं.

लिपीबद्दल थोडक्यात. उर्दू छापील वाचता येते म्हणजे शिकस्ता, फारसीची घाईघाईत लिहिलेली लिपी, वाचता येईल असं नाही. नुक्ते गायब, गाफवरची, म्हणजे 'ग' च्या अक्षरावरची, दुसरी रेघ गायब, जे शब्द जोडायचे नाहीत ते जोडलेले. मोडी घसटी वाचलेल्यांना हे लवकर जमतं असं मी पाहिलंय. पान समोर ठेवून हाताने उतरवून काढा, रोज थोडं. मोबाइलवर फोटो टाकून मजकूर काढून देणारी अ‍ॅप्स आलीत, ती सुवाच्य नस्तालीकवर, म्हणजे फारसीच्या नीटस लिपीवर, बरी चालतात आणि शिकस्त्यावर आत्मविश्वासाने काहीही लिहून देतात, नवशिक्याला ते खोटं कळत नाही म्हणून नवशिक्याने ती वापरू नयेत. 'तीस दिवसांत फारसी' सर्टिफिकेटांबद्दल मी बोलतच नाही.

आता तारीख. मी ज्या प्रोजेक्टवर होते तिथल्या एक्सेल शीटमध्ये 'वर्ष' नावाचा एकच रकाना होता. त्या एका रकान्याने माझा जेवढा घात केला तेवढा कुठल्याही शिकस्त्याने केला नाही, म्हणून हे जरा लांबण लावूनच सांगणार आहे.

ग्रंथाच्या शेवटी तरकीमा असतो, बऱ्याचदा खाली निमुळता होत गेलेला त्रिकोणी मजकूर, त्यात कातिबाचं, म्हणजे नक्कल करणाऱ्याचं, नाव, गाव, तारीख. नवखा माणूस थेट तिथे जातो, आकडा उचलतो, रकान्यात टाकतो. थांबा. ती तारीख ग्रंथ रचल्याची का नक्कल केल्याची? तीनशे वर्षांचा फरक असू शकतो. बरं, नक्कल केल्याची असेल तर कुठल्या नकलेची? कातिब समोरच्या प्रतीतलं सगळं उतरवतो, कधीकधी जुन्या कातिबाचा तरकीमासुद्धा तारखेसकट उतरवतो आणि स्वतःबद्दल एक अक्षर लिहीत नाही. मग कागद सांगतो अठरावं शतक आणि तारीख सांगते पंधरावं. अशा वेळी कागदावर विश्वास ठेवा.

पुढचा खड्डा खास आपल्याकडचा. आकडा कुठल्या सनाचा? समजा १०७४ लिहिलंय. हिजरी धरलं तर १६६३-६४, म्हणजे सुरतेवरची पहिली स्वारी त्यात येते. शुहूर, म्हणजे दख्खनेतला सौर सन, धरला तर १६७३-७४, म्हणजे राज्याभिषेकाच्या तोंडावरचं वर्ष. दख्खनी फसली, म्हणजे महसुली सन, धरला तर १६६४-६५. आकडा तोच, आणि मधे अख्खं पुरंदर, आग्रा, सिंहगड! ग्रंथांत बहुधा हिजरीच असतो, पण आदिलशाही कागद आणि आपल्याकडची पत्रं शुहूरमध्ये असतात, आणि लायब्रऱ्यांमध्ये ग्रंथांबरोबर पत्रांच्या बयाजा (वह्या) आणि सुटे कागद एकत्र बांधलेले असतात. शुहूरचा सन मृगाला बदलतो, ५९९ किंवा ६०० मिळवा. 'अर्बा सबैन अलफ' असं अरबी शब्दांत असेल तर कान टवकारा. हिजरीत मात्र सरळ बेरीज चालत नाही, चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे, तेही अंदाजापुरतं, नक्की तारखेला कोष्टक घ्या. आणि ऑनलाइन कन्व्हर्टर ग्रेगोरियन तारीख देतात, तर सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये आहेत, सतराव्या शतकात दहा दिवसांचा फरक पडतो. यात डोकं गरगरतं, माझंही गरगरायचं, सवयीने बसतं.

शिवाय जुलूस, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष. औरंगजेबाचं १ रमजान १०६८ पासून मोजतात, त्यामुळे एका हिजरी वर्षात दोन जुलूस वर्षं येतात. काही कातिब शेकडा-हजार गाळून नुसतं '७४' लिहितात. आणि अबजदचे कालश्लेष वेगळेच, अबजदमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो. ७८६ सगळ्यांना माहीत असतं, त्याच पद्धतीने वाक्यातल्या अक्षरांची बेरीज करून वर्ष काढायचं. हुमायूनच्या मृत्यूचं प्रसिद्ध वाक्य 'हुमायूँ पादशाह अज़ बाम उफ़्ताद' (हुमायून बादशहा गच्चीवरून पडला), करा बेरीज, ९६२ येतात, आणि तो वारला ९६३ मध्ये. म्हणजे एवढ्या गाजलेल्या वाक्यातही एक वर्ष कमी.

मोहर बघून तारीख ठरवू असं वाटेल. मोहरेवरचं वर्ष ती कोरल्याचं असतं, उमटवल्याचं नाही, तीच मोहर पुढे कितीतरी वर्षं वापरात असते. त्यामुळे मोहर फक्त एवढंच सांगते की पुस्तक त्या माणसाकडे या वर्षाच्या आधी नव्हतं... म्हणजे त्या मोहरेखाली तरी नव्हतं. शाही लायब्ररीतल्या पुस्तकांवर 'अर्ज दीदा शुद' असे तपासणीचे शेरे तारखेसकट असतात, ते मोहरेपेक्षा जास्त कामाचे.

तर करायचं काय. मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवा, आकडे वेगळे, शब्द वेगळे. सन कुठला वाटतो ते वेगळं लिहा, का वाटतो तेही. इसवी सन सगळ्यात शेवटी. शीटमध्ये रकाना नसेल तर शेऱ्यात घाला, वरिष्ठ कटकट म्हणतील, म्हणू देत. आणि घाबरू नका, नव्वद टक्के ग्रंथांत तारीख साधी सरळ असते किंवा नसतेच.

एक जिल्द म्हणजे एक ग्रंथ असंही धरू नका, मजमुआत, म्हणजे एकत्र बांधलेल्या संग्रहात, पाच-सात रिसाले (छोटे ग्रंथ) असतात आणि सूचीवाल्याने कधीकधी पहिल्याचीच नोंद केलेली असते. पुन्हा बांधताना वरक (पानं) मागेपुढे झालेले असतात, पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो तो जुळवत जा. जिथे चौकटीची रेघ जंगारी हिरव्या रंगाची आहे तिथे पान दोन्ही हातांनी उलटा, त्या रंगाने कागद खाल्लेला असतो आणि मजकुराचा चौकोनच निखळून हातात येतो.

गुरू कोण करावा यावर माझं मत एकांगी आहे. मोठ्या नावाच्या सरांपेक्षा वाचनकक्षात बसणारे, मदरशात शिकलेले मौलवीसाहेब शंभर पटीने बरे. "साहेब, हा शब्द जरा बघता का" म्हणालात की ते शब्द सांगतात, त्याचा शेर सांगतात, चहा पाजतात. सर तुमच्याकडून वाचन करून घेतात आणि लेखात तुमचं नाव तळटीपेतही येत नाही, हे माझ्या बाबतीत झालंय म्हणून कडवटपणे बोलतेय, सगळे तसे नसतात. पण काम सुरू करायच्या आधी नावाचं बोलून घ्या, मेलवर.

लायब्ररीत जायच्या आधी पत्र पाठवा, संस्थेचं शिफारसपत्र जोडा, आणि सूचीतला अनुक्रमांक व कपाटावरचा नंबर हे दोन्ही लिहा, कारण ते बऱ्याचदा वेगळे असतात आणि नुसता अनुक्रमांक दिलात तर भलतंच पुस्तक येतं. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. सुट्टीचा वार फोन करून विचारा, काही ठिकाणी तो शुक्रवार असतो. फोटोची परवानगी पहिल्याच दिवशी मागू नका, दोन-तीन दिवस नुसतं बसून वाचा, मग मागा.