खाडीच्या मुखाची खोली मोजताना

नाविक नकाशावर छापलेला खोलीचा आकडा थेट मोजलेला नसतो; ध्वनीला जाऊन परत येण्यास लागलेला वेळ, पाण्यातील त्याचा वेग, होडीची स्थिती आणि भरतीची पातळी यांवरून तो काढलेला असतो. म्हणून कोकणातील एखाद्या खाडीच्या मुखाचे सर्वेक्षण हाती घेणाऱ्याने मल्टीबीम इको साउंडर (होडीखालून पंख्यासारखे अनेक ध्वनिझोत सोडून तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारे यंत्र) सुरू करण्याआधी या चारही गोष्टींची व्यवस्था लावावी. काम ऑक्टोबर ते मे या काळातच धरावे. पावसाळ्यात मुखाशी लाटा फुटतात आणि वाळूचे दांडेही सरकतात.

प्रथम धक्क्यावर भरतीमापक बसवून त्याचे शून्य जवळच्या तलचिन्हाशी (उंची नेमकी ठाऊक असलेल्या कायम खुणेशी) जोडून घ्यावे. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असू शकतो, आणि नकाशातील खोली मात्र जवळजवळ नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते; तेव्हा ही नोंद चुकली तर पुढील सारे काम वाया जाते. त्यानंतर पॅच टेस्ट (एकाच तळावरून ठरावीक रेषा पुन्हा पुन्हा नेऊन केलेली चाचणी) करून यंत्राच्या बसवणीतील कोनांची आणि वेळेची तफावत शोधून काढावी.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ध्वनीच्या वेगाकडे. २८ अंश सेल्सिअसच्या खाऱ्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो, तर तितक्याच उष्ण गोड्या पाण्यात सुमारे १,५०५ मीटर. यंत्रात १,५०० हा ठोकळ आकडा तसाच राहू दिला, तर १० मीटर खोली २६ सेंटीमीटरने कमी दिसते. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या एस-४४ मानकातील ‘विशेष’ श्रेणीत या खोलीला चुकीची एकूण मुभाच साधारण तेवढी आहे, म्हणजे इतर चुकांसाठी काहीच उरत नाही. खाडीत गोडे पाणी वर आणि खारे खाली असे थर असतात व ते भरतीबरोबर बदलतात. त्यामुळे वेगाचे मापन सकाळी एकदाच करून भागत नाही, भरतीला आणि ओहोटीला, मुखाशी आणि आत, ते पुन्हा करावे. मोजलेल्या तळाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर किंवा खाली वळलेल्या दिसू लागल्या की मापन जुने झाले असे समजावे.

मल्टीबीमच्या रेषा समखोली रेषांना समांतर आखाव्यात आणि पडताळणीसाठी काही आडव्या रेषाही घ्याव्यात. तळाशी पातळ गाळ असेल, तर २०० किलोहर्ट्झचा ध्वनी गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, पण ३३ किलोहर्ट्झचा खाली शिरतो. कोणता तळ ग्राह्य धरायचा हे आधीच ठरवून अहवालात लिहावे. शिशाचा ओळंबा (खोली मोजण्यासाठी दोरीला बांधून सोडलेले वजन) अशा जागी आजही उपयोगी पडतो, जुना म्हणून तो धक्क्यावर ठेवून जाऊ नये.

आकडे स्वच्छ करताना एकट्या पडलेल्या उथळ बिंदूला मासळीचा थवा समजून खोडण्याची घाई करू नये, कारण तो बुडालेल्या होडीची डोलकाठीही असू शकतो. त्यावरून पुन्हा रेषा न्यावी आणि तो खरा ठरल्यास अंतिम अहवालाची वाट न पाहता डेहराडूनच्या राष्ट्रीय जलमापन कार्यालयाला तत्काळ कळवावे.